अंकशास्त्र : आलं कुठून आणि उभं आहे कशावर?

(रनाळे, ता. नंदुरबार इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



सुरुवातीला एक छोटी मोजणी करू. ज्यांचा कागदोपत्री वाढदिवस 1 जूनला येतो, त्यांनी जरा हात वर करा. संकोच नको. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर 1 जून आहे, अशा सगळ्यांनी.

(सभागृहात हशा. बरेच हात वर.)

बघा, पुढच्या दोन रांगांतच किती हात आहेत. मागे बसलेल्या तरुण मुलांपैकी मात्र एखादाच. हात खाली घ्या. ही मोजणी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक ताई थांबल्या होत्या. त्यांची मुलगी नववीत आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की मुलीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची बेरीज 8 येते, 8 हा शनीचा अंक, त्यामुळे शिक्षणात अडथळे येतील. उपाय काय, तर नावात एक जादा ‘ए’ घाला आणि दहावीचा फॉर्म भरायच्या आत घाला. ताई मला म्हणाल्या, “सर, खोटं असेल तर सोडून देऊ. पण खरं असलं आणि मी केलं नाही, तर उद्या पोरगी मलाच बोलेल ना?”

हा प्रश्न साधा नाही. त्यात आईची काळजी आहे, त्यामुळे हसून उडवायचा नाही. म्हटलं, याचं उत्तर नीट मुळापासून देऊ. अंकशास्त्र हे आलं कुठून, त्याचे नियम काय, आणि ते नियम तपासले तर काय हाती लागतं, या क्रमाने जाऊ.

अक्षर हाच अंक

आज आपल्याकडे अंक वेगळे आणि अक्षरं वेगळी. 1, 2, 3 ही चिन्हं फक्त मोजायला, आणि क, ख, ग लिहायला. पण जगात बऱ्याच ठिकाणी कित्येक शतकं असं नव्हतं. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे. अल्फा म्हणजे 1, बीटा म्हणजे 2, आयोटा म्हणजे 10, ऱ्हो म्हणजे 100. हिब्रूतही तेच, आलेफ 1, बेथ 2, योद 10. अरबीत अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4, आणि यावरूनच त्या पद्धतीला ‘अबजद’ म्हणतात.

आता विचार करा, अक्षर हाच अंक असेल तर प्रत्येक शब्द आपोआप एक संख्या होतो. तुम्ही काही करायची गरजच नाही. नाव लिहिलं की हिशेब तयार. मग माणसाच्या डोक्यात खेळ सुरू होणारच. इटलीतलं पाँपेई हे गाव इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका भिंतीवर कुणा प्रेमवीराने लिहून ठेवलंय की ज्या मुलीची संख्या 545 आहे, तिच्यावर माझं प्रेम आहे. म्हणजे नाव उघड करायचं नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही!

राजेही मागे नव्हते. असिरियाचा राजा दुसरा सार्गोन हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. त्याने नवी राजधानी बांधली आणि शिलालेखात लिहिलं की कोटाची लांबी 16,283 हात आहे आणि हा माझ्या नावाचा अंक आहे. नावाला संख्या असते या कल्पनेचा हा फार जुना पुरावा.

ज्यू लोकांत ‘खाय’ म्हणजे ‘जिवंत’ या शब्दाची बेरीज 18 येते, म्हणून देणगी किंवा आहेर 18 च्या पटीत देण्याची पद्धत आजही आहे. आपण नाही का 100 ऐवजी 101 चा आहेर करत? आणि 786 तर सगळ्यांना माहीत. ‘बिस्मिल्लाह’ने सुरू होणाऱ्या पूर्ण वाक्याची अबजद पद्धतीने बेरीज केली की 786 येते. 1975 च्या ‘दीवार’ सिनेमातला अमिताभचा बिल्ला आठवतो? त्याचा नंबर हाच. गोदीतल्या हमालाच्या बिल्ल्यावरचा आकडा सगळ्या देशाला पाठ झाला.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे अंकांसाठी वेगळी चिन्हं होती आणि शून्यासह दशमान पद्धत होती. तरीही शब्दांतून अंक सांगण्याच्या पद्धती होत्या. त्यातल्या दोन महत्त्वाच्या.

पहिली भूतसंख्या. यात वस्तूवरून अंक. चंद्र एकच, म्हणून चंद्र म्हणजे 1. डोळे दोन, म्हणून नेत्र म्हणजे 2. गुण तीन, वेद चार, मदनाचे बाण पाच, रस सहा, स्वर सात, वसू आठ, ग्रह नऊ. आणि आकाश म्हणजे शून्य. वाचायचं मात्र उलट, एकम स्थानापासून.

याचं उत्तम उदाहरण आपल्या खानदेशाशी जोडलेलं आहे. थोर गणिती भास्कराचार्य. त्यांनी स्वतःचं जन्मवर्ष सांगताना वापरलेले शब्द आहेत रस, गुण, पूर्ण आणि मही. रस 6, गुण 3, पूर्ण म्हणजे 0 आणि मही, म्हणजे पृथ्वी, 1. उलट वाचा. 1036. शके 1036, म्हणजेच इ.स. 1114. आणि पुढे ते सांगतात की वयाच्या 36 व्या वर्षी मी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. तिथेही पुन्हा रस आणि गुण. चाळीसगावजवळच्या पाटणला जो शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापन केला, हे त्यातून कळतं. रनाळ्याहून पाटण काही फार लांब नाही. एकदा मुलांना घेऊन जाऊन या.

दुसरी पद्धत कटपयादी. ही दक्षिणेत, विशेषतः केरळात फार चालली. यात प्रत्येक व्यंजनाला अंक. क पासून झ पर्यंत 1 ते 9, ट पासून ध पर्यंत 1 ते 9, प पासून म पर्यंत 1 ते 5, आणि य पासून पुढे य 1, र 2, ल 3 असं करत ह 8 आणि ळ 9. ञ आणि न म्हणजे शून्य. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. नुसत्या स्वराला शून्य. हेही उलट वाचायचं. महाभारताचं जुनं नाव ‘जय’. ज 8, य 1, उलट वाचलं की 18. महाभारताची पर्वं किती? 18. कर्नाटक संगीतात 72 मेळकर्ता राग आहेत. ‘मेचकल्याणी’ची पहिली दोन अक्षरं घ्या, म 5, च 6, उलट वाचा, 65. तो बरोबर पासष्टावा राग आहे. म्हणजे नावातच अनुक्रमांक.

आता हे सगळं कशासाठी? माझ्या आजच्या बोलण्यातला हा महत्त्वाचा मुद्दा आहे. हे भविष्य सांगण्यासाठी नव्हतं. पाठांतरासाठी होतं. ग्रंथ श्लोकात लिहायचे. श्लोकाला वृत्त असतं. त्यात मोठमोठे आकडे बसवायचे कसे? तर ‘सहा’साठी रस, ऋतू, अंग असे पाच-सहा शब्द हाताशी असले की वृत्तात बसेल तो घेता येतो. शिवाय नक्कल करताना आकडा चुकू शकतो, 1 चा 9 होतो, पण शब्द चुकला की वृत्त मोडतं आणि चूक लगेच कानाला खटकते. म्हणजे ही एक प्रकारची सुरक्षित साठवण होती. आज आपण ज्याला कोड म्हणतो, ते.

पायथागोरस आणि कीरो

मग भविष्य कुठून शिरलं? अंकशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर पायथागोरस भेटतो. शाळेत काटकोन त्रिकोणात भेटला होता, तोच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. त्याने स्वतः लिहिलेलं काहीही आपल्यापर्यंत आलेलं नाही. जे आहे ते शिष्यांच्या परंपरेतून आलेलं. त्या परंपरेत असं मानत की विश्वाच्या मुळाशी संख्या आहेत. तारेची लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे गोड वाटणाऱ्या सुरांमागे साधी गुणोत्तरं असतात, हे त्यांनी पाहिलं. ही विज्ञानातली फार मोठी पायरी. त्याचबरोबर 1 + 2 + 3 + 4 = 10, म्हणून 10 ही पवित्र, सम अमुक, विषम तमुक, अशाही समजुती होत्या. एकाच झाडाला दोन फांद्या. एक गणिताकडे गेली, दुसरी गूढाकडे.

पण आज तुमच्या मोबाईलवर जे अंकशास्त्र येतं, ते पायथागोरसचं नाही. ते साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही लेखकांनी इंग्रजी अक्षरांना ओळीने 1 ते 9 अंक दिले आणि त्याला पायथागोरसचं नाव लावलं. दुसरा मोठा माणूस कीरो. खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, आयर्लंडचा, जन्म 1866, मृत्यू 1936. हात बघण्यासाठी जगभर गाजलेला. त्याचं अंकांवरचं पुस्तक 1926 चं. त्याने आपल्या पद्धतीला ‘खाल्डियन’ म्हटलं, म्हणजे प्राचीन बाबिलोनची.

गंमत म्हणजे कीरोच्या गोष्टीत आपला महाराष्ट्र आहे. तो सांगायचा की तरुणपणी मी मुंबईला उतरलो, तिथे एक चित्पावन ब्राह्मण गुरू भेटला, तो मला कोकणात आपल्या गावी घेऊन गेला आणि तिथे जुनं पुस्तक अभ्यासायला मिळालं. ही त्याने स्वतः सांगितलेली हकीकत. म्हणजे बघा, पद्धत खाल्डियन, गुरू कोकणातला, लेखक आयरिश, अक्षरं इंग्रजी, आणि आपण तिला ‘आपलं प्राचीन शास्त्र’ म्हणून पैसे मोजतो!

नियम काय आहेत?

आता नियम सांगतो. तीन अंक महत्त्वाचे.

मूलांक म्हणजे जन्मतारखेतल्या दिवसाची एक आकडी बेरीज. 23 तारीख असेल तर 2 + 3 = 5.

भाग्यांक म्हणजे दिवस, महिना, वर्ष या सगळ्यांची बेरीज. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. 1 + 7 + 1 + 9 + 9 + 8 = 35, 3 + 5 = 8. जिल्ह्याचा भाग्यांक 8.

नामांक म्हणजे नावाच्या इंग्रजी अक्षरांची बेरीज.

मग प्रत्येक अंकाला ग्रह. 1 सूर्य, 2 चंद्र, 3 गुरू, 4 राहू, 5 बुध, 6 शुक्र, 7 केतू, 8 शनी, 9 मंगळ. कीरोच्या पुस्तकात 4 ला युरेनस आणि 7 ला नेपच्यून जोडलेत, आपल्याकडच्या मंडळींनी तिथे राहू-केतू बसवले. सूर्य म्हणजे नेतृत्व, चंद्र म्हणजे हळवेपणा, शनी म्हणजे कष्ट आणि विलंब, असं ते पुढे जातं. नियम एवढेच. दहा मिनिटांत शिकून होतात. लोकप्रियतेचं एक कारण हेही आहे. कुंडली मांडायला पंचांग लागतं, इथे पाटीवरची बेरीज पुरते.

बेरजेमागचं गणित

ही एक आकडी बेरीज आपल्या ओळखीची आहे. जुन्या लोकांनी गुणाकाराचा ताळा पाहिला असेल. नवाचा ताळा. 47 गुणिले 23 किती? 1081. बरोबर आहे का? 47 चे 4 + 7 = 11, 1 + 1 = 2. 23 चे 5. दोन पंचे दहा, दहाचा 1. आता 1081 ची बेरीज 10, म्हणजे 1. जुळलं. ताळा बरोबर. ही युक्ती भारतीय गणितात दहाव्या शतकाच्या आसपास दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांत’ ग्रंथात येते.

हे का जुळतं? कारण 10 म्हणजे 9 + 1. शंभर म्हणजे 99 + 1. म्हणून कुठल्याही संख्येच्या आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी उरते ती 9 ने भागल्यावरची बाकी. बाकी शून्य असेल तिथे 9 येतो. बस्स. मूलांक म्हणजे तारखेला 9 ने भागून उरलेली बाकी. त्यात गूढ काही नाही.

आणि 9 च का? कारण आपण दहाच्या पटीत मोजतो. दहाच्या पटीत का मोजतो? कारण हाताला बोटं दहा. पण ज्या बाबिलोनच्या नावाने ही पद्धत खपते, ते लोक 60 च्या पटीत मोजायचे! आपल्या तासाची 60 मिनिटं तिथूनच आली. त्यांच्या हिशेबात 23 किंवा 28 हा एकाच घरातला आकडा. त्याचे 2 आणि 8 असे तुकडे करायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे खाल्डियन माणसाला मूलांक सांगितला असता, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहिला असता.

शिवाय युरेनस दुर्बिणीतून सापडला 1781 मध्ये आणि नेपच्यून 1846 मध्ये. ते प्राचीन तक्त्यात कसे? आणि इंग्रजीतलं ‘जे’ हे अक्षर ‘आय’पासून वेगळं झालं सोळाव्या शतकाच्या सुमाराला. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कीरोच्या तक्त्यातल्या बऱ्याच अक्षरांच्या किमती जुन्या हिब्रू किमतींशी जुळतात. तेव्हा सगळंच हवेतून आलेलं नाही. धागा जुना आहे, कापड नवीन आहे.

रनाळ्याचा नामांक

आता तुमच्या गावावर प्रयोग करू. रनाळे इंग्रजीत लिहू या. आर, ए, एन, ए, एल, ई.

कीरोच्या तक्त्याने आर 2, ए 1, एन 5, ए 1, एल 3, ई 5. बेरीज 17. 1 + 7 = 8. शनी! आता कळलं एसटी उशिरा का येते! (हशा)

थांबा. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या तक्त्याने करू. तिथे आर ची किंमत 9 आहे, बाकी तीच. बेरीज 24, म्हणजे 6. शुक्र. सुख, वैभव, कला.

आणि आपल्या स्वतःच्या कटपयादीने? र 2, न 0, ळ 9. उलट वाचलं तर 902. 9 + 0 + 2 = 11, 1 + 1 = 2. चंद्र.

एकच गाव, तीच माणसं, तीच माती. एका तक्त्यात शनी, दुसऱ्यात शुक्र, तिसऱ्यात चंद्र. मग कुठला खरा मानायचा? आणि लक्षात घ्या, गावाचं खरं नाव मराठीत आहे. इंग्रजी स्पेलिंग कुण्या कारकुनाने कधीतरी ऐकून लिहिलेलं. ‘ळ’ इंग्रजीत नाहीच, त्याचा ‘एल’ झाला. मधला ‘ना’ दीर्घ आहे म्हणून त्याने आणखी एक ‘ए’ टाकला असता, तर 17 चे 18 झाले असते आणि शनीच्या जागी मंगळ आला असता. कारकुनाच्या टाकावर ग्रह ठरणार का?

तारखेचंही तेच. आपण जे कॅलेंडर वापरतो ते पोप ग्रेगरीने 1582 मध्ये सुधारलेलं. इंग्रजांनी ते 1752 मध्ये घेतलं, तेव्हा 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर आला. आपली भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका 1957 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे 1 जून म्हणजे 11 ज्येष्ठ. इंग्रजी तारखेने मूलांक 1, भारतीय तारखेने 2. जन्म एकच, क्षण एकच.

आणि जुळ्यांची परीक्षा घ्यायची तर नंदुरबार जिल्ह्याचं जुळं भावंड आहे, वाशिम. तोही 1 जुलै 1998 लाच अकोल्यातून वेगळा झाला. मूलांक तोच, भाग्यांक तोच. आता सातपुड्याच्या पायथ्याचा, तापीकाठचा, मिरचीच्या बाजाराचा आपला जिल्हा आणि विदर्भातला वाशिम, यांचं नशीब एकच म्हणायचं का? त्याहून मोठी जुळी म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात, दोघेही 1 मे 1960 चे. सीमा तर इथून जवळच आहे. पलीकडे जाऊन विचारून या.

मग खरं का वाटतं?

आता कुणी म्हणेल, “सर, पण माझं वर्णन अगदी बरोबर आलं.” येणारच. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वभाववर्णन दिलं. विचारलं, किती जुळतं, 5 पैकी गुण द्या. सरासरी आली 4 च्या वर. नंतर त्याने सांगितलं, सगळ्यांना एकच कागद दिला होता! वाक्यं अशी की कुणालाही लागू व्हावीत. तुम्ही वरून कठोर पण आतून हळवे आहात, तुमच्या कष्टाचं चीज होत नाही. या सभागृहात कुणाला वाटतं की आपल्या कष्टाचं पुरेपूर चीज झालं?

दुसरं कारण मोजणीतलं. पुस्तकात मूलांक 1 च्या मोठ्या माणसांची लांबलचक यादी असते. आता कॅलेंडर मोजा. मूलांक 1 च्या तारखा चार, 1, 10, 19 आणि 28. वर्षाचे 48 दिवस. मूलांक 5 च्या तारखा तीनच, 5, 14, 23. वर्षाचे 36 दिवस. 6, 7, 8, 9 यांचेही 36 च. म्हणजे 1 ची माणसं जगात मुळातच जास्त. त्यात मोठी माणसंही जास्त, आणि चोरही जास्त! यादी फक्त मोठ्यांची छापतात.

तपासायचं कसं, याचा धडा महाराष्ट्रातच मिळाला आहे. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या 40 दिल्या. कुठली कुंडली हुशार मुलाची, एवढंच ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण 46 टक्के. नाणं उडवलं तर 50 टक्के येतात. ती चाचणी कुंडलीची होती, पण अंकशास्त्रालाही तीच कसोटी लावता येते. आधी दावा लिहून घ्या, मग मोजा. नंतर अर्थ लावत बसायचं नाही.

पुन्हा 1 जूनकडे

आता सुरुवातीचे हात आठवा. 1 जून. मूलांक 1, सूर्याचा अंक, राजयोग! पण तुमचा जन्म खरंच 1 जूनला झाला का? नाही. आई सांगायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, किंवा ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी. शाळेत नाव घालताना गुरुजींना तारीख हवी होती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसायला हवं होतं. त्यांनी 1 जून लिहिलं. महाराष्ट्रभर लाखो माणसांच्या जन्मतारखा अशा गुरुजींच्या टाकातून आल्या. मग सूर्याचा प्रभाव तुमच्यावर की गुरुजींवर?

पण मी असं म्हणणार नाही की त्या तारखेचा तुमच्या आयुष्यावर परिणाम झाला नाही. झाला! महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर 31 मे ला एकेका कार्यालयातून किती माणसं एकदम घरी जातात, ते तुम्ही पाहिलंय. आकड्याचा परिणाम झाला, पण तो ग्रहामार्फत नाही, तर कागदामार्फत.

आणि म्हणून त्या ताईंना माझं उत्तर. ताई, मुलीच्या नावात जादा ‘ए’ घातल्याने शनी जाणार नाही. पण त्या एका अक्षराने शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं, बँकेच्या पासबुकावर चौथं असं होऊ शकतं. उद्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, जात पडताळणीच्या वेळी, प्रवेशाच्या रांगेत, तिथे ती अडेल. राजपत्रात नावबदल छापा, प्रतिज्ञापत्र करा, चकरा मारा. शिक्षणातला अडथळा टाळायला केलेला उपायच अडथळा होऊन बसेल. दहावीच्या फॉर्मवरचं नाव जरूर तपासा. बेरजेसाठी नाही, तर सगळ्या कागदांवर ते अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का, यासाठी. हा ताळा मात्र नक्की पाहा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : लोक गाडीचा नंबर पैसे भरून घेतात. ते सगळे वेडे का?

नाही हो. एमएच 39 च्या पुढे आवडीचा आकडा हवा असेल तर परिवहन खातं त्याची वेगळी फी घेतं. हौस म्हणून घ्या, लक्षात राहावा म्हणून घ्या, काही हरकत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा भोवरा बघून भाव कमी-जास्त होतो. तिथे भोवऱ्याला किंमत आहे, कारण घेणारा आणि विकणारा दोघेही ती मानतात. पण घोडा धावतो पायांवर. गाडीचंही ब्रेकवर लक्ष ठेवा.

प्रश्न : आपण शुभकार्यात 11, 21, 101 मानतो, साडेतीन मुहूर्त मानतो. तेही सोडायचं का?

ते मी सोडायला सांगत नाही. 101 मधला तो 1 म्हणजे संबंध पुढे चालू राहावा ही भावना. ती रीत आहे, तिच्यात गोडवा आहे. रीत तुम्हाला घाबरवत नाही. कुणी आकडा दाखवून घाबरवू लागला आणि लगेच उपायाची किंमत सांगू लागला, की सावध व्हा. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, माझा मूलांक 8 आहे. मग मी काय करू?

छान प्रश्न. 8, 17 की 26?

विद्यार्थिनी : 26 जानेवारी.

अगं, मग तर प्रजासत्ताक दिन! सगळा देश त्या दिवशी झेंडा लावतो. देशाला 8 चालला, तुला का चालणार नाही? आज घरी जा आणि नवाचा ताळा का जुळतो, ते तीन आकडी संख्या घेऊन स्वतः सिद्ध करून बघ. आणि एक कोडं देतो. मघाचं उत्तर 1081 ऐवजी चुकून 1801 लिहिलं, तरी ताळा जुळतो. म्हणजे ताळ्यालाही सगळ्या चुका सापडत नाहीत. कुठल्या सापडतात आणि कुठल्या सुटतात, ते शोधून काढ. पुढच्या वेळी सुरुवात तुझ्या उत्तराने करू.